मंडळाच्या संकेतस्थळाचे स्थलांतर : ड्रुपल ७ वरून ड्रुपल ११ वर

ड्रुपल ही संकेतस्थळावरील मजकूर साठवणारी आणि दाखवणारी मोफत प्रणाली आहे. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी ती २००१ साली सर्वांसाठी खुली केली. १९९६ साली सुरू झालेली मायबोली पुढे याच प्रणालीवर आली आणि मिसळपावही तिच्यावरच चालते. परवान्याचा खर्च नसल्यामुळे अनेक लहान संस्थांनीही ती निवडली.

ड्रुपलची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली. तिची मुदत अनेकदा वाढवण्यात आली आणि अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपली. तेव्हापासून ड्रुपलच्या सुरक्षा पथकाकडून तिच्यासाठी दुरुस्त्या येत नाहीत. ज्या मंडळांची संकेतस्थळे अजून तिच्यावर आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना हे काम नेमके काय आहे ते कळावे, म्हणून ही माहिती.

मुदत संपली म्हणजे काय होते?

वरवर पाहता काहीच होत नाही. संकेतस्थळ पूर्वीसारखेच उघडते, म्हणूनच दुर्लक्ष होते. धोका दोन बाजूंनी असतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक मोठी त्रुटी आणि तिची दुरुस्ती जाहीर झाली. ज्यांनी सात तासांच्या आत ती बसवली नव्हती, त्यांनी आपल्या स्थळात शिरकाव झाला आहे असेच गृहीत धरावे, असे पुढे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने कळवले. तेव्हा निदान दुरुस्ती मिळाली; यापुढे ती मिळणार नाही. दुसरी बाजू होस्टिंगची. सर्व्हरवरील पीएचपी नवी झाली की जुनी मॉड्यूल अडतात आणि एके दिवशी पान कोरे दिसते.

अशा वेळी जाते ते मंडळाचे दप्तर : विशेषांक, इतिवृत्ते, गणेशोत्सव व शिवजयंतीची छायाचित्रे, दिवंगत सभासदांवरील लेख. यातले बरेच कागदावर आता कुठेच नसते.

हे अद्ययावतीकरण नव्हे, स्थलांतर आहे

ड्रुपल ८ नोव्हेंबर २०१५ मध्ये आले ते सिम्फनी या चौकटीवर नव्याने बांधलेले. त्यामुळे ७ वरून पुढे जाताना एक बटण दाबून भागत नाही. नवे रिकामे स्थळ वेगळे उभारायचे आणि जुन्या डेटाबेसमधील मजकूर त्यात ओढून आणायचा, अशी पद्धत आहे. ८ आणि ९ वर थांबण्याची गरज नाही. थेट १० किंवा ११ वर जाता येते. १० ची मुदत २०२६ अखेर ठरली असल्याने आता सुरुवात करणाऱ्यांनी ११ निवडावे. त्यासाठी सर्व्हरवर पीएचपी ८.३ आणि मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ लागते. हे होस्टिंग कंपनीला आधी विचारावे.

लेख, सभासदांची खाती, प्रतिक्रिया, वर्गवारी, मेनू आणि फाइली मायग्रेट मॉड्यूल आणते. संकेतस्थळाची मांडणी म्हणजे थीम, आणि व्ह्यूजमधून केलेल्या याद्या येत नाहीत. त्या नव्याने कराव्या लागतात. एक पथ्य महत्त्वाचे : स्थलांतर पूर्ण होईपर्यंत नव्या स्थळावर एकही लेख टाकू नये. स्थळ रिकामे असेल तर जुन्या लेखांचे क्रमांक तेच राहतात आणि पूर्वी पत्रांत, स्मरणिकेत छापलेले दुवे चालू ठेवता येतात.

मराठी मजकुराची काळजी

१. जुने फॉन्ट : शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपोआप युनिकोडमध्ये बदलत नाही. असे लेख आधी शोधून परिवर्तकातून काढावेत आणि शुद्धलेखन डोळ्यांखालून घालावे.

२. एकच अक्षर, दोन रूपे : ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालत असे. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाला वेगळी. त्यामुळे ‘ॲड.’ शोधल्यावर जुन्या कार्यकारिणीतले वकील सापडत नाहीत. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ‘ऱ’चेही तेच. स्थलांतर करतानाच ही रूपे एक करून घ्यावीत.

३. गावांची नावे : जुन्या लेखांत ‘बेळगांव’, नंतरच्या लेखांत ‘बेळगाव’ आणि १ नोव्हेंबर २०१४ च्या सरकारी नामांतरानंतरच्या काही कागदांत ‘बेळगावी’ असते. ‘शोधा आणि बदला’ चालवून सगळे एकसारखे करण्याचा मोह टाळावा. १९४६ च्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो बेळगावात. त्या काळच्या कागदावर गावाचे नाव जसे आहे तसेच राहिले पाहिजे. मजकुराला हात न लावता वर्गवारीत एकच नोंद करावी आणि सर्व रूपे तिच्याशी जोडावीत. ‘निपाणी’ आणि ‘निप्पाणी’ यांनाही हाच नियम.

४. कन्नड मजकूर : आपल्याकडे परवानगीची पत्रे आणि सरकारी परिपत्रके कन्नडमध्येही असतात. ड्रुपल ८ पासून बहुभाषिक सोय मूळ प्रणालीतच आहे. प्रत्येक पानाला त्याची भाषा नेमून द्यावी.

५. फाइलींची नावे : देवनागरी नावाच्या पीडीएफ आणि छायाचित्रे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना नावे बिघडतात. त्या प्रत्येक वर्षातून काही उघडून पाहाव्यात.

ताळा जुळवणे

बँकांच्या शाखा कोअर बँकिंगवर गेल्या तेव्हा जुन्या आणि नव्या प्रणालीतील शिल्लक जुळल्याशिवाय शाखा नव्या प्रणालीवर उघडत नसे. इथेही तसेच करावे. स्थलांतरापूर्वी लेख, खाती, प्रतिक्रिया आणि फाइली यांची संख्या लिहून दोन पदाधिकाऱ्यांनी सही करावी. नंतर तीच मोजणी नव्या स्थळावर करावी. फरक आला तर कारण सापडेपर्यंत जुने स्थळ बंद करू नये.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि फाइली दोन्ही हव्यात. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात आणि त्यातून स्थळ पुन्हा उभे राहते का, हे एकदा करून पाहावे. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला धनादेश.

वेळही पाहून ठरवावी. गणेशोत्सवाच्या तोंडावर हे काम काढू नये. जुन्या स्थळावर नवे लेखन थांबवण्याची तारीख सभासदांना आधी कळवावी.

चावी कोणाकडे?

अनेक संस्थांत डोमेनचे नाव आणि होस्टिंगचे खाते एखाद्या हौशी तरुणाच्या वैयक्तिक ईमेलवर असते. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की नूतनीकरणाची सूचना मंडळापर्यंत पोचतच नाही. स्थलांतरापूर्वी दोन्ही खाती मंडळाच्या नावावर करून घ्यावीत, पासवर्ड सचिव आणि खजिनदार या दोघांकडे असावेत, आणि पदाधिकारी बदलताना त्यांची नोंद इतिवृत्तात व्हावी.

माणूसबळ नसेल तर

दोन पर्याय आहेत. बॅकड्रॉप ही ड्रुपल ७ मधूनच निघालेली शाखा आहे; तिची पहिली आवृत्ती २०१५ साली आली. तिच्यावर जाणे तुलनेने सोपे पडते. दुसरा पर्याय, संकेतस्थळावर नवे काही येत नसेल तर सर्व पानांची स्थिर प्रत करून ठेवणे. तिला डेटाबेस लागत नाही. जुने लेख वाचता येतात, मात्र प्रवेश आणि प्रतिक्रिया बंद होतात.

ड्रुपल ८ नंतर मुख्य आवृत्त्यांमधला बदल बराच सोपा झाला आहे. मॉड्यूल वेळच्या वेळी अद्ययावत ठेवली की पुन्हा एवढे मोठे स्थलांतर सहसा लागत नाही. म्हणून वार्षिक सभेच्या अंदाजपत्रकात होस्टिंगशेजारी ‘संकेतस्थळ देखभाल’ हे सदर दरवर्षी असावे आणि त्याची जबाबदारी नावानिशी एका सभासदावर सोपवावी.