श्वानांच्या चालीचे संथगती चित्रण : निदानास साहाय्यक साधन

लंगडणाऱ्या श्वानाच्या नेमक्या कोणत्या पायाला वेदना होत आहे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नसते. दुडक्या चालीत मध्यम आकाराच्या श्वानाचे एक पूर्ण पाऊलचक्र सुमारे अर्ध्या सेकंदात संपते. एवढ्या अवधीत चारही पायांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे अनुभवी नजरेलाही कठीण जाते. ही अडचण कमी करण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत संथगती चित्रणाचा, म्हणजेच स्लो मोशन चित्रफितीचा उपयोग करण्यात येतो.

पार्श्वभूमी

प्राण्यांच्या चालीचा छायाचित्रांद्वारे अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे टिपली. १८८७ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या संग्रहात श्वानांचाही समावेश होता.

पायांवर पडणारा भार अचूक मोजण्यासाठी जमिनीत बसविलेली बलमापक पट्टी हे प्रमाण साधन मानले जाते. लंगडणे तीव्र नसेल, तर केवळ नजरेने दिलेले गुण आणि या पट्टीवरील मोजमाप यांचा मेळ फारसा बसत नाही, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मात्र हे उपकरण महागडे असून प्रामुख्याने मोठ्या संस्थांमध्येच आढळते.

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् सारख्या गावातील श्वानपालकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. त्याच तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे २०१२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि पहिली तपासणी बहुधा जवळच्या दवाखान्यातच होते. अशा ठिकाणी भ्रमणध्वनीचा कॅमेरा उपयोगी पडतो.

चित्रफितीत काय दिसते?

भारतीय दूरचित्रवाणीच्या पारंपरिक चित्रणात सेकंदाला २५ चौकटी असतात. अनेक भ्रमणध्वनी २४० चौकटी टिपतात. म्हणजेच अर्ध्या सेकंदाच्या पाऊलचक्राची १२ ऐवजी १२० चित्रे मिळतात.

- पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना श्वान डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली झुकवितो.
- मागचा पाय दुखत असल्यास त्या बाजूचा खुबा अधिक वर-खाली होतो.
- गुडघ्याची वाटी सरकत असल्यास श्वान काही पावले तो पाय उचलून धरतो आणि पुन्हा नीट चालू लागतो.
- नखे जमिनीवर घासत असल्यास किंवा पंजा उलटा पडत असल्यास मज्जासंस्थेच्या विकाराची शक्यता तपासावी लागते.

चित्रण कसे करावे?

जागा सपाट व न घसरणारी असावी. गुळगुळीत फरशी टाळावी. पट्टा सैल धरून श्वानाला प्रथम चालवावे, नंतर दुडक्या चालीने न्यावे. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी चित्रण करावे. बाजूने चित्रण करताना कॅमेरा श्वानाच्या उंचीवर स्थिर ठेवावा. प्रकाश भरपूर हवा, अन्यथा चित्रे अंधुक येतात. जो श्वान पाय टेकवतच नाही, त्याला मात्र पळवू नये.

दवाखान्यात भेदरलेला श्वान कित्येकदा लंगडणे लपवितो. त्यामुळे घरी, विशेषतः झोपेतून उठल्यावर केलेले चित्रण पशुवैद्यकांना दाखविणे हिताचे ठरते.

मर्यादा

चित्रफीत हालचाल दाखविते, पायावरील भार किंवा वेदनेचे कारण नव्हे. दोन्ही खुबे सारखेच दुखत असल्यास चाल समतोल भासू शकते. प्रत्येक जातीची ठेवणही निराळी असते. लांब पायांचा कारवान किंवा चिप्पीपारै आणि आखूड पायांचा डॅशहंड यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून त्याच श्वानाची, त्याच जागी, त्याच वेगाने घेतलेली आधीची व नंतरची चित्रफीत ताडून पाहणे अधिक विश्वसनीय होय. अंतिम निदानासाठी सांधे हाताने तपासणे आणि आवश्यकतेनुसार क्ष-किरण तपासणी अपरिहार्य आहे.

श्वानाला आपले दुखणे सांगता येत नाही. वेदना वाढण्यापूर्वी ती ओळखता यावी, यासाठी काही सेकंदांचे हे चित्रण पशुवैद्यकांना मोलाचे साहाय्य करू शकते.