दुष्काळातून वाचलेली बाई परत दुष्काळात गेली तेव्हा

हेडफोन नीट लावा, आज आपण थोडं मागे जाणार आहोत.

कुठे पूर आला की आपल्याला आधी मोबाईलवर कळतं. फोटो येतात, खाली क्यूआर कोड असतो. कुणी प्रार्थना करतं, कुणी पाचशे रुपये पाठवतं आणि दोन आठवड्यांत आपण ते विसरून जातो. पण आपत्तीत जगली-वाचलेली माणसं त्यानंतर जातात कुठे? सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न अंगावर घेतला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्या काळात! सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरायचं. मग दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते व्रतांत आणि दानधर्मात गेलं. शास्त्रं सगळी पाठ, पण हाताने पोट भरता येईल असं एकही काम कुणाला येत नव्हतं, आणि भीक मागणं तर कुळाला शोभणारं नव्हतं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारतभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. ‘पंडिता’ ही पदवी तिला तिथे मिळाली.

पुढचं थोडं फास्ट फॉरवर्ड करू. लग्न झालं, दोन वर्षांतच वैधव्य आलं, पदरात मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिका. तिथे बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक मंडळ उभं राहिलं आणि त्याने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

आता येतं १८९६. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ. सरकारकडे ‘फॅमिन कोड’ होता, म्हणजे दुष्काळात काय करायचं याची नियमावली. धडधाकट माणसांनी खडी फोडायची आणि मजुरी घ्यायची. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी गरीबगृहं. कागदावर सिस्टिम व्यवस्थित होती. रमाबाई प्रत्यक्ष तिथे गेल्या तेव्हा त्यांना दिसलं की एकट्या पडलेल्या तरुण मुली या छावण्यांतही सुरक्षित नाहीत. त्यांना फसवून नेणारे लोक आजूबाजूलाच घुटमळत होते. हे त्यांनी लपवलं नाही, लिहिलं.

आणि त्या सुमारे ३०० मुली घेऊन आल्या.

टायमिंग बघा. बोस्टनच्या दहा वर्षांच्या वचनाची मुदत संपत आली होती. त्यात १८९७ मध्ये पुण्यात प्लेग, त्यामुळे या मुलींना शहरात ठेवणं अशक्य. केडगावला, पुणे-दौंड रेल्वेच्या मार्गावर, रमाबाईंनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून झालं ‘मुक्ती सदन’. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, ज्याला तिकडे ‘छप्पनियो’ म्हणतात. तेव्हा मुक्तीतून माणसं तिकडे पाठवली गेली. थोड्याच काळात केडगावात दीड हजारांवर बायका-मुली राहत होत्या.

पैसा कुठून आला? ब्रिस्टलला अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. देवाकडे मागायचं आणि त्याच्यावर विसंबून काम सुरू करायचं, ही त्याची पद्धत त्यांना भिडली होती. शिवाय त्या वेळी जगभरातले ख्रिस्ती वाचक भारताच्या दुष्काळासाठी देत होते. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने उपाशी माणसांचे फोटो छापले, वर्गणी गोळा केली आणि १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज भरून मका मुंबईला आला. क्यूआर कोड नव्हता, बाकी सगळं आजच्यासारखंच.

पण मका संपतो. आमच्या आयटीत सर्व्हर पडला की आधी तो चालू करतात, मग तो का पडला ते शोधतात. दुसरं काम टाळलं की महिन्याभरात तोच सर्व्हर परत पडतो. रमाबाईंनी हे दुसरं काम केलं. मुक्तीत प्रार्थना रोजची होती आणि विणकाम, शेती, गाईगुरं, छापखानाही रोजचा. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. हाताला काम नसल्याने स्वतःचं घर कसं संपलं ते या बाईने पाहिलं होतं. त्यामुळे इथल्या मुलीला प्रार्थना येणार आणि एखादं कामही येणार, असं मला तरी त्यामागे दिसतं.

आता अवघड भाग. उपाशी मुलीला ताट वाढणारा तिला धर्मही देत असेल, तर ती नाही कशी म्हणणार? ही टीका तेव्हाही झाली. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. मुक्ती तर उघडच ख्रिस्ती संस्था होती. मला हा आक्षेप झटकून टाकावासा वाटत नाही. दुष्काळातल्या लहान मुलीच्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही. पण त्याच मुलीला त्या छावणीतून न्यायला दुसरं कोण आलं होतं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत, एकाने दुसरा खोडून काढता येत नाही.

आणि रमाबाई फक्त आपल्या धर्माच्या राज्यकर्त्यांची री ओढत होत्या, असंही नाही. प्लेगच्या काळात सरकारी छावणीत बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर टीका केली आणि इंग्रज सरकारचा राग ओढवून घेतला.

१९२२ मध्ये त्या केडगावलाच गेल्या. शेवटची कित्येक वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींनी.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. दौंडच्या गाडीने कधी गेलात, तर स्टेशनाची पाटी बघा. आणि पुढच्या वेळी कुठे पैसे पाठवलेत, तर सहा महिन्यांनी त्या संस्थेला एक मेसेज टाका: ती माणसं आता कुठे आहेत? उत्तर आलं तर मलाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!