मुखाहून नाम थोर

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळा येथे, १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा जो साठा हाती लागला, त्याने कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे पुराणांच्या वंशावळींतही न सापडणारे राजे इतिहासाला दिले. परंतु त्या नाण्यांवर राजाचे मुख नाही. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याच्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, एवढ्यावरच त्याची ओळख उभी आहे. क्षत्रपांच्या चालीप्रमाणे सातवाहनांनीही चांदीच्या नाण्यांवर मुखे उमटविली खरी. पण रोमन शिल्पकार संगमरवरात वृद्धाच्या कपाळावरील आठी न् आठी कोरून ज्या रीतीने स्वभाव प्रकट करी, ती रीत आपल्या भूमीत रुजली नाही.

व्यक्तिशिल्पे मात्र आपल्याकडे होती. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास नाणेघाटातील लेण्यात सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी आणि राजकुमार यांच्या मूर्ती कोरल्या गेल्या. आज त्या भंगल्या आहेत. कोठे पावलांच्या खुणा उरल्या आहेत, आणि वर नावे आहेत. त्याच लेण्यातील, राणी नायनिकेचा मानला जाणारा शिलालेख अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणांची गणना करतो, तसाच महिनाभर उपवास करणाऱ्या, घरी राहूनही तापसवृत्तीने ब्रह्मचर्य पाळणाऱ्या त्या विधवेचे अंतरंगही दाखवितो. मूर्ती अखंड राहिली असती, तरी यापेक्षा अधिक काय सांगू शकली असती? भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकातही भरताला दशरथाच्या निधनाची वार्ता कळते ती पूर्वजांच्या प्रतिमांची नावे पुजाऱ्याकडून ऐकता ऐकताच.

तीच परंपरा वाशीमच्या मातीत पुढे चालली. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील द्वितीय विंध्यशक्तीचा, राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षाचा ताम्रपट म्हणजे खरे तर इनामाची सनद. तीत राजा आपली ओळख देतो ती सर्वसेनाचा पुत्र आणि प्रवरसेनाचा नातू म्हणून. वंशवर्णन संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. कुळ, कृत्य आणि व्रत हीच आपल्या पूर्वजांची मुखमुद्रा होती.

म्हणून या जिल्ह्यातील शेतकऱ्यांस एवढेच विनविणे आहे, की नांगराच्या फाळाला अक्षरे असलेले नाणे वा पत्रा लागला, तर तो मोडीत न घालता तहसील कचेरीत कळवावे. तो धातू वितळला, तर एखाद्या पूर्वजाचे उरलेले एकमेव चित्र त्याबरोबर नाहीसे होईल.