पोकळ वाद्ये आणि त्यांचे रंग

दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्याकडे घरोघर रंगाचे डबे उघडतात. भिंतीला चुना, तुळशीवृंदावनाला गेरू, दारांना तेलरंग असा थाट सुरू होतो. भिंतीला त्याचे सुखदुःख नसते. रंग पातळ बसला काय, जाड बसला काय, ती मुकी ती मुकीच. परंतु घरातली एक वस्तू अशी आहे की तिला दिलेला रंग डोळ्यांना दिसतो तसा कानांनाही ऐकू येतो. ती वस्तू म्हणजे पोकळ पोटाचे तंतुवाद्य. तिच्या रंगाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि, वाचकहो, तो आपल्या मराठी मुलखातूनच जातो.

बीड जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. अखंड हरिनाम सप्ताह बसला की तिथे वीणेचे पूजन होते आणि मग सात दिवस ती वीणा खाली टेकत नाही. पहारे लावलेले असतात; एकाच्या खांद्यावरून ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, मध्यरात्री आणि भर दुपारीही. बालाघाटाच्या कुशीतल्या या कोरडवाहू गावांत दुसरे मोठे तंतुवाद्य एकेकाळी क्वचितच दिसे. पण वीणा नाही असे विठ्ठलमंदिर विरळा. सप्ताह जवळ आला की तिची पुसापुशी होते. अशा वेळी एखाद्या उत्साही भक्ताने चौकटीला लावून उरलेल्या तेलरंगाचे दोन हात तिच्यावर चढवले, तर वीणा दिसते झकपक, पण तिचा आवाज बसतो.

असे का व्हावे? तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. ती आपले कंपन घोडीला देते, घोडी ते खालच्या पातळ फळीला देते, आणि फळी व पोटातली हवा मिळून त्याचा नाद करतात. ही फळी जितकी हलकी आणि मोकळी, तितका नाद भरदार. तिच्यावर जाड, रबरासारखा थर बसला की तिचे वजन वाढते आणि कंपन त्या थरातच जिरून जाते. बरे, रंग मुळीच न द्यावा तर पावसाळ्यात लाकूड ओल पिते, उन्हाळ्यात तडकते, हाताचा घाम त्यात मुरतो. म्हणजे रंग तर हवा, पण जेमतेम हवा. या जेमतेमपणाचे शास्त्र ज्यांनी हातात मुरवले त्यांचे गाव मिरज.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेत फरीदसाहेबांच्या घराण्याने तंबोरे आणि सतारी घडवण्यास प्रारंभ केला. हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक. तलवारींचे दिवस सरले आणि हातातली कसबी बोटे रिकामी झाली. परंपरा अशी सांगतात की याच बोटांनी मग वाद्यदुरुस्ती पत्करली आणि दुरुस्तीतून निर्मिती शिकली. बीडच्या लोकांना ही गोष्ट परकी वाटू नये. निजामी अमलात बीडच्या गुप्त्या, म्हणजे काठीत दडवलेल्या तलवारी, नावाजलेल्या होत्या, आणि तसल्याच नावाजलेल्या होत्या चामड्याच्या छागली. तो जमाना गेला आणि गुप्त्यांचे महत्त्वही गेले. मिरजेच्या शिकलगारांना मात्र दुसरे काम मिळाले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता; बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे वास्तव्य होते; त्यांच्यापाशीच विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलीशी केली आणि १९३७ साली निधन झाल्यावर ते तिथल्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. गाणारे आणि घडवणारे एका गावात राहिले, हेच मिरजेच्या कीर्तीचे खरे कारण.

मिरजेच्या तंबोऱ्याचे पोट सुतार करीत नाही, शेतकरी पिकवतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला कडू भोपळ्याचे वेल या कामासाठी लावतात. भोपळा खायचा नसतो; त्याची साल जाड आणि टणक व्हायला हवी, म्हणून फळ पूर्ण वाळवतात. कारागीर तो कापतो, पाण्यात भिजवून आतला वाळका गर खरवडतो, आणि ओली साल मऊ असतानाच आत काटक्यांचे टेके देऊन तिला हवा तो घेर आणतो. मग तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, वर लाकडाची तबली बसवायची, आणि जोडाचे सांधे कोरीव पानांनी झाकायचे. ही पाने नुसती शोभेची नाहीत. भोपळा आणि लाकूड या दोन जातींचा संसार ती सांभाळून धरतात.

यानंतर येतो रंग. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एक बारीकसा किडा राळ स्रवतो, ती लाख. शुद्ध करून तिचे पापुद्रे केले की चपडा. स्पिरिटमध्ये तो विरघळतो, त्यात हवी ती छटा मिसळता येते, आणि कापसाच्या पुरचुंडीवर मलमल गुंडाळून तो वाद्यावर फिरवायचा. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, पुन्हा दुसरा हात. प्रत्येक थर कागदाहूनही पातळ. घाईचे इथे काम नाही. असे कित्येक हात झाले तरी सगळ्यांची मिळून जाडी तेलरंगाच्या एका हाताएवढी होत नाही, आणि चमक मात्र आतून आल्यासारखी दिसते.

एवढे करूनही मिरजेतून निघालेला तंबोरा पुरा झालेला नसतो. तो पुरुषाच्या सुरासाठी की बाईच्या, यावर त्याचा घेर आधीच ठरलेला असतो. घोडीची जवारी कानसून मोकळी करून दिलेली असते. पण तारेखाली सुताचा दोरा नेमका कुठे ठेवायचा आणि मणी किती सरकवायचा, हे गाणाऱ्याने रोज बैठकीला बसताना ठरवायचे. करीम खाँसाहेबांसारखे गायक तर वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते. तात्पर्य, वाद्य कारागिराच्या हातून सुटते आणि मालकाच्या हातात पुरे होते, ही आपली जुनीच रीत आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतल्या कॅलामझू गावी ऑरव्हिल गिब्सन नावाचा कारागीर होता. व्हायोलिनची फळी जशी मध्ये फुगीर कोरतात तशीच मँडोलिनची आणि गिटारची कोरावी, असे त्याच्या मनाने घेतले. १८९८ साली मँडोलिनसाठी त्याला पेटंटही मिळाले. त्याच्या नावाच्या कंपनीने १९२२ मध्ये व्हायोलिनसारखी लांबट छिद्रे असलेली एल-५ गिटार काढली. पण वाद्यवृंदात पितळी वाद्यांपुढे गिटारचा आवाज बुडून जाई. म्हणून १९३६ साली तारांखाली चुंबक व तारेचे वेटोळे असलेला पिकअप बसवून ईएस-१५० आली. चार्ली ख्रिश्चन याने ती जॅझमध्ये गाजवली. पोकळ पोटाची विजेची गिटार अशी रूढ झाली.

पण आवाज वाढवताच हे पोकळ पोटच आडवे आले. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज फळीला हलवी, फळी तारेला हलवी, तार पुन्हा ध्वनिवर्धकाला जागे करी, आणि सगळ्याचा मिळून कर्कश किंकाळ होई. उपाय दोन निघाले. १९४९ च्या ईएस-१७५ मध्ये कोरीव फळीऐवजी मेपलच्या पातळ पापुद्र्यांची चिकटवलेली फळी आली, आणि १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोटाच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा बसला. रंगाच्या बाबतीत मात्र तिथल्या कारागिरांची नजर मागेच होती. मधे सोनेरी, कडेला गडद तपकिरी अशी छटा ते देत. वापराने झिजलेल्या जुन्या व्हायोलिनची ती आठवण.

या गिटारने आपल्याकडे येऊन एक वेगळाच जन्म घेतला. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला मांडीवर आडवी घेऊन रागदारी वाजवली; १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. विश्वमोहन भट्ट यांनी फुगीर फळीच्या गिटारला जादा तारा आणि तरफा जोडून तिचे नाव मोहनवीणा ठेवले आणि १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळवला. कॅलामझूच्या गिटारची अखेर वीणा झाली!

आज तर या गिटारचे सुटे भाग खोक्यातून घरी येतात. बीड, अंबाजोगाई वा माजलगावच्या एखाद्या कॉलेजकुमाराने ते मागवले, तर जोडलेले पण कोरे पोट, वेगळी दांडी, खुंट्या, घोडी आणि पिकअप त्याच्या पुढ्यात पडतात. रंग देणे त्याच्याकडे. तिथे मिरजेचेच नियम लागू होतात. वरची लाकडी साल अतिशय पातळ असते. पॉलिश पेपर जोरात फिरवला तर खालचा चिकटवलेला थर उघडा पडतो. जोडापाशी सरस सांडून वाळलेला असेल तिथे रंग मुरत नाही, पांढरा डाग राहतो. म्हणून तो आधी अलगद काढावा. ओल्या फडक्याने लाकूड पुसले की तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते हलकेच घासावेत. भुकटीचा रंग पातळ करून कापडाने तंतूच्या दिशेने द्यावा, आधी फिका, मग गडद. कारण गडद करणे सोपे, फिके करणे कठीण. शेवटी लाखेचे पातळ हात. दांडी जिथे बसायची ती खाच मात्र कोरी ठेवावी. सरस लाकडाला धरतो, रंगाला नव्हे. विजेच्या गिटारमध्ये पिकअप तारेचे कंपन टिपतो, तेव्हा तंबोऱ्याइतका इथे रंगाचा जाच नाही हे खरे. पण पोट पोकळ आहे तोवर त्याचा मान राखलेला बरा.

यात काही गुप्त विद्या आहे असे समजू नये. स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनवरील रंगात कोणते रहस्य दडले आहे याबद्दल लोकांनी तर्कांचे डोंगर रचले. २००९ च्या अखेरीस फ्रान्समधील संशोधकांनी त्याची पाच वाद्ये तपासून जाहीर केले की लाकडात मुरलेले तेल, त्यावर तेल व राळेचा पातळ थर, आणि त्यात चित्रकार वापरीत तसले तांबडे रंग, एवढेच तिथे आहे. पदार्थ बाजारात मिळणारे होते. न मिळणारी गोष्ट होती ती हाताची.

आणि नेमका हा हातच आज पणाला लागला आहे. १९७९ मध्ये बंगळूरला विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. आता तर तो खिशातल्या फोनमध्येही वाजतो. त्याला भोपळा नको, लाख नको, जवारी काढणारा नको. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट. त्यामुळे नाव राखले जाईल. पण पुरचुंडी कशी फिरवावी हे मानांकनाच्या कागदावर लिहिता येत नाही. ते बापाच्या शेजारी बसून मुलाने शिकायचे असते, आणि मूल तेव्हाच बसते, जेव्हा गिऱ्हाईक दाराशी येते.

म्हणून खोक्यातली गिटार ओसरीवर घासत बसलेल्या पोराला थोरांनी हसू नये. चार रविवार त्याने एका फळीवर घालवले, दोनदा रंग पुसून पुन्हा दिला, तर तंबोऱ्याची किंमत एवढी का, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. गावच्या वीणेला तेलरंग लावू पाहणाऱ्याचा हातही तोच धरील. घरातली एखादी जुनी सतार, वीणा किंवा तंबोरा माळ्यावर पडला असेल, तर या दिवाळीत तो खाली काढावा, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा, आणि रंगाचा डबा बंद ठेवून एखाद्या जाणत्या कारागिराकडे न्यावा. भिंती आपण रंगवू. पण बोलणाऱ्या वस्तूला रंग देण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.