एचईआयसी छायाचित्रांचे जेपेगमध्ये रूपांतर

स्मार्टफोनने एचईआयसी या फाइल-प्रकारात साठवलेले छायाचित्र उलगडून, बहुतेक सर्व संगणकांवर व संकेतस्थळांवर उघडणाऱ्या जेपेग प्रकारात ते पुन्हा संकुचित करण्याची प्रक्रिया. एमपेग या मानकगटाने २०१५ मध्ये पूर्ण केलेल्या एचईआयएफ मानकावर एचईआयसी आधारलेला असून, ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून तो स्वीकारला. त्यात चित्रफितींसाठी घडवलेली एचईव्हीसी ही संकोचन-पद्धती वापरली जात असल्याने तेवढ्याच दर्जाचे चित्र जेपेगच्या सुमारे निम्म्या जागेत मावते; मात्र या पद्धतीने संकुचित केलेले चित्र उलगडण्याची सोय अनेक जुन्या उपकरणांत नसते आणि पेटंट-परवान्यांमुळे ती सर्वत्र मोफत मिळतही नाही. १९९२ मधील जेपेग मानकानुसार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात, त्यामुळे रूपांतरात दर्जा थोडा घटतो; शिवाय मूळ फाइलमधील दृश्याच्या खोलीची माहिती किंवा चित्रमालिका बहुधा गळून पडते; म्हणून मूळ प्रत जपून ठेवणे अगत्याचे आहे. आयफोनच्या सेटिंग्जमधील कॅमेरा विभागात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास पुढील छायाचित्रे थेट जेपेगमध्येच साठवली जातात. आधी टिपलेल्या छायाचित्रांना मात्र तो लागू होत नाही.