निबंध वाचणाऱ्या मुलांची सभा : मुंबई, १८४८

जून १८४८. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील काही विद्यार्थी आणि तरुण शिक्षक एकत्र येऊन एक सभा स्थापन करतात. नाव भारदस्त : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. काम मात्र साधे. ठरलेल्या दिवशी जमायचे, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. प्रा. पॅटन हे तिचे मुख्य पाठीराखे. सभासदांत बावीस वर्षांचा एक पारशी शिक्षक होता, दादाभाई नौरोजी. वैद्यकीय शिक्षण घेणारे भाऊ दाजीही याच मंडळींतले. पुढे ते या सभेचे अध्यक्ष झाले.

त्या काळच्या मुंबईत बोलण्याच्या जागा कमी नव्हत्या. कीर्तन होते, पुराण होते, जातीची पंचायत होती. पण कीर्तनात श्रोत्याने उठून बुवांना प्रतिप्रश्न करायचा नसतो, आणि पंचायतीत पंचविशीच्या आतल्या मुलाला कोणी विचारीत नाही. वय, जात आणि घराणे बाजूला ठेवून केवळ मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायचे, ही रीत नवी होती. ब्राह्मण, प्रभू, सारस्वत, पारशी अशी मुले एका खोलीत बसून परस्परांचे म्हणणे खोडून काढीत आहेत, हे दृश्यच त्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना अपरिचित होते.

या सभेला एक कुंपण होते. धर्म आणि राजकारण हे विषय चर्चेस वर्ज्य. आज हा भित्रेपणा वाटेल, परंतु त्यामागे ताजी जखम होती. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणल्यावर त्याला जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. त्याला घ्यावे म्हणून झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही रोष पत्करावा लागला. शाळेत पाठवलेला मुलगा घरचा राहील ना, ही धास्ती घरोघरी होती. सभेत धर्माचा शब्द निघाला असता तर पालकांनी मुलांची नावेच काढून घेतली असती.

पण वर्ज्य केलेला विषय नाहीसा होत नाही, तो दुसरी खोली शोधतो. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस मंडळी ही गुप्त सभा सुरू केली. तेथे जातिभेद मोडण्याच्या गोष्टी दार लावून होत. उघड सभेत भूगोल आणि पदार्थविज्ञान, बंद सभेत जात. त्या पिढीची अवघी कोंडी या दोन खोल्यांत दिसते.

सभेच्या दोन देशी शाखा निघाल्या, एक मराठी आणि एक गुजराती. मराठी शाखा उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, तिचे पुढारपण दादोबांकडे. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले. इंग्रजीत शिकलेले मराठीत समजावून सांगायचे, तर शब्द आणायचे कोठून? वक्तृत्वाची खरी कसोटी येथे लागली. प्राध्यापकासमोर इंग्रजी निबंध वाचणे एक वेळ सोपे; तेच शाळेत न गेलेल्या दुकानदाराला पटवून देणे कठीण.

आणि मग एके दिवशी निबंधातून काम निघाले.

बेहरामजी गांधी नावाच्या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या. अशा सभांचा शेवट बहुधा येथेच होतो. येथे मात्र प्रा. पॅटन यांनी मुलांना डिवचले : नुसते बोलणार, की काही करणार? सभासदांनी ठरवले की शाळा आपणच काढायच्या आणि वेतन न घेता आपणच शिकवायचे. वेळ सकाळची, कारण त्यानंतर प्रत्येकाला आपापल्या कामावर जायचे होते.

अडचण एकच : मुली आणायच्या कोठून? तेव्हा हे तरुण दारोदार फिरू लागले. सभेत टाळ्या मिळवणाऱ्या वक्त्यांसमोर आता घरचा कर्ता पुरुष उभा होता. त्याला अध्यक्ष नाही, नियम नाही आणि मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देण्याची सक्तीही नाही. काही संतापलेल्या बापांनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिल्याचे दादाभाईंनी उतारवयात लिहून ठेवले आहे. मुलगी शिकली तर घर बुडेल, ही समजूत नुसत्या तर्काने जाणारी नव्हती; पुन्हा पुन्हा जावे लागे. तरीही १८४९ मध्ये शाळा उघडल्या, आणि आरंभीच ४४ पारशी व २४ हिंदू मुली आल्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच मुलींची शाळा काढली होती, आणि त्यांचा विरोधक मुंबईकरांच्या विरोधकांपेक्षा कितीतरी अधिक कडवा होता, हे येथे विसरता कामा नये.

पैशाची चिंता पुढे पारशी समाजातील कामा घराण्याने हलकी केली. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या आवारात जागा दिली. नानांसारख्या मातबर गृहस्थाचे नाव पाठीशी आल्यावर अनेक बापांचा आवाज खाली आला. तरुणांच्या युक्तिवादापेक्षा नानांच्या वाड्याचा दरवाजा अधिक पटणारा ठरला असणार.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी याच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीत आणखी एक सभा भरली. या वेळी राजकारण वर्ज्य नव्हते. ती सभाच त्यासाठी होती. तीतून बॉम्बे असोसिएशन जन्मास आली. व्यासपीठावर नाना शंकरशेट होते. भाऊ दाजी चिटणिसांपैकी एक झाले. दादाभाईंनी तेथे आपले पहिले राजकीय भाषण केले. पुढच्याच वर्षी, कंपनीच्या सनदेचा प्रश्न निघाला असता, या संस्थेचा अर्ज ब्रिटिश पार्लमेंटकडे गेला. त्याच पार्लमेंटमध्ये १८९२ साली दादाभाई मध्य फिन्सबरीचे सभासद म्हणून बसले. निवडून आले होते ते मूठभर मतांच्या फरकाने.

निबंध वाचणाऱ्या त्या सभेची मुलींची शाळाही टिकली. गिरगावकर तिला कमळाबाई शाळा म्हणून ओळखतात, आणि तिच्या नावाआधी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीची आद्याक्षरे लागतात.