छावण्यांच्या वाटेवरची शाळकरी मुले

पर्यटन म्हणावे की तीर्थयात्रा, असा प्रश्न पडावा अशी एक प्रथा साडेतीन दशकांहून अधिक काळ ज्यू समाजात चालत आली आहे. इस्राएल, अमेरिका, कॅनडा अशा देशांतली सोळा ते अठरा वर्षांची मुले शिक्षकांच्या सोबतीने आठवडाभर पोलंडमध्ये हिंडतात. स्थळे बहुधा ठरलेली: वॉर्साच्या घेटोच्या खुणा, त्रेब्लिंका, मायदानेक, ऑशविट्झ. या प्रवासाकडे आम्ही येथे एक संहिता म्हणून पाहू इच्छितो. कारण आठवड्याभरात काय दाखवायचे आणि कोणत्या क्रमाने दाखवायचे हे ठरवणे म्हणजे एक प्रकारचे इतिहासलेखनच होय.

१९६० च्या दशकात इस्राएलमधून तरुणांचे काही गट पोलंडला गेले होते. १९६७ च्या युद्धानंतर पोलंडने राजनैतिक संबंध तोडले आणि ती वाट बुजली. ती पुन्हा मोकळी होऊ लागली तेव्हा, १९८८ साली, इस्राएलच्या शिक्षणखात्याने शालेय सहली सुरू केल्या आणि त्याच वर्षी 'मार्च ऑफ द लिव्हिंग' ही आंतरराष्ट्रीय पदयात्राही निघाली. ऑशविट्झच्या मूळ छावणीपासून बिर्केनाऊपर्यंतचे हे अंतर अवघे तीन किलोमीटर आहे. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ आले तेव्हा नाझींनी हजारो कैद्यांना बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकलले होते. त्या मृत्युयात्रांना दिलेले उत्तर पदयात्रेच्या नावातच आहे: ही जिवंतांची यात्रा.

तिची तिथीही बोलकी आहे. ती निघते योम हशोआच्या, म्हणजे ज्यू संहाराच्या स्मरणदिनी. इस्राएलच्या संसदेने १९५१ साली त्यासाठी निसान महिन्याची २७ तारीख निवडली. वॉर्सा घेटोचा उठाव त्याच महिन्यात झाला होता. मात्र त्याचा आरंभ वल्हांडणाच्या पूर्वसंध्येला असल्याने नेमका तो दिवस घेता आला नाही. पदयात्रेतले बरेच गट पोलंडहून पुढे इस्राएलला जातात. आठवड्याभराने तेथे हुतात्मा सैनिकांचा स्मरणदिन येतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. पोलंडमध्ये मरण, इस्राएलमध्ये जन्म. कथानक म्हणून हे विलक्षण प्रभावी आहे, आणि नेमके म्हणूनच त्याच्याविषयी सावध राहिले पाहिजे असे आम्हांला वाटते.

कारण या कथानकात पोलंड हे केवळ स्मशान उरते. युद्धापूर्वी तेथे सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांतले जवळजवळ ३० लाख मारले गेले. पण मरण्याआधी ते जगत होते! यिडिश दैनिके, नाटक मंडळ्या, समाजवादी 'बुंद' पक्ष, १९३० साली लुब्लिनमध्ये उघडलेली भव्य येशिवा, आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथांमधल्या गल्ल्या हाही वारसाच होता. वॉर्सातल्या पोलिन संग्रहालयाचे मुख्य प्रदर्शन २०१४ मध्ये खुले झाले; ते या सहजीवनाची हजार वर्षे मांडते. मात्र घाईच्या सहलीत एका छावणीहून दुसऱ्या छावणीकडे धावणाऱ्या बसच्या खिडकीतून ती हजार वर्षे दिसणार कशी?

त्रेब्लिंकाला तर पाहण्याजोगी इमारतच नाही. नाझींनी छावणी पाडून जमीन नांगरली. १९६४ च्या स्मारकात आहेत सुमारे १७,००० ओबडधोबड दगड. काहींवर गावांची नावे आहेत. माणसाचे नाव एकाच दगडावर: यानुश कोर्चाक. वॉर्सा घेटोतल्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांनी १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथांचे 'डाकघर' सादर केले होते. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. तीन आठवड्यांच्या आत कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले त्रेब्लिंकाच्या गाडीत होती. त्या दगडापाशी येणारी मुले त्यांच्याहून थोडीच मोठी असतात. तेथे त्यांना 'डाकघर' वाचून दाखवावे; आमच्या मते एका भाषणापेक्षा ते अधिक काही शिकवील.

या सहलींची समीक्षा ज्यू विचारवंतांनीच सर्वांत कठोरपणे केली आहे, ही उल्लेखनीय गोष्ट. मानववंशशास्त्रज्ञ जॅकी फेल्डमन यांनी २००८ च्या ग्रंथात राष्ट्रध्वज, विधी आणि सुरक्षारक्षक यांनी घडवलेला हा अनुभव तपासला. यिशाय सरीद यांच्या २०१७ च्या हिब्रू कादंबरीचा निवेदक अशाच सहलींचा वाटाड्या आहे. तेच ते पुनःपुन्हा सांगता सांगता तो आतून ढासळत जातो. पुढे वाद सरकारांपर्यंत पोहोचला. मुलांना काय सांगावे आणि सशस्त्र रक्षक असावेत का, यांवरून २०२२ मध्ये शालेय सहली थांबल्या. २०२३ मध्ये दोन्ही देशांत करार झाला.

जाता जाता एक गोष्ट. इस्राएलच्या शाळांत बेने इस्राएल कुटुंबांतली मुलेही शिकतात. त्यांच्या पूर्वजांची परंपरा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि कोकणातल्या 'शनवार तेल्यां'ची आहे. ऑशविट्झमध्ये मृतांची नावे वाचण्याचा विधी होतो, तेव्हा अशा मुलाला सांगायला घरातले नाव बहुधा नसते. तो दुसऱ्या कुणाचे तरी नाव वाचतो.

तशी पाळी आता बहुतेकांवर येते आहे. १९४४ साली पंधरा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याण्णवी ओलांडून गेली आहेत. पूर्वी गटासोबत छावणीतून वाचलेला एखादा वृद्ध असे. 'मी येथे उभा होतो' असे तो सांगे. आता अनेक गटांत त्याच्या जागी ध्वनिमुद्रण असते, किंवा तिशीतला वाटाड्या.